वर्षाला गट ‘फुटतो’ म्हणे!

‘आफ्रिकेतल्या महिला बचत गटांचं सत्य’ नावाचा मेसेज फिरत फिरत मावशीच्या बचत गटाच्या ग्रुपवर येऊन पडला. तिथल्या दोघींनी लगेच विचारलं, ‘मग आपलं तरी काय खरं?’ म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गटाची बचत ज्या पेटीत ठेवतात तिच्यातला पैसा गोऱ्यांच्या संस्थांचा, व्याज महिन्याला पाच-दहा टक्के, म्हणजे सावकारीच, वर्षभरात गट फुटतो आणि बायका पैसे वाटून घेऊन घरी जातात, तेव्हा स्त्री-पुरुष समानता वगैरे थोतांड.

गट फुटण्याच्या मुद्द्याने तर कमालच केली आहे, तिथूनच सुरू करू. वाटप हा या पद्धतीचा कणा आहे. १५ ते २५ बायका, ९ ते १२ महिन्यांचं चक्र. दर बैठकीला प्रत्येकीने एक ते पाच शेअर, म्हणजे बचतीचे ठरावीक हिस्से, घ्यायचे. शेअरची किंमत गटच ठरवतो. पाचाची मर्यादा अशासाठी, की पैसेवालीने गट खिशात घालू नये. जितके शेअर तितके शिक्के पासबुकात, आणि उरलेल्या रिकाम्या चौकोनांवर तिथल्या तिथे रेघ. ही रेघ मारायची राहून गेली की मागून शिक्का मारायला वाट मिळते आणि भांडणं तिथूनच लागतात.

आता हिशेब, सोयीसाठी रुपयांत. २० जणी, शेअर १०० रुपयांचा, प्रत्येकीचे आठवड्याला सरासरी तीन शेअर, ५० आठवडे. झाले ३,००० शेअर, म्हणजे तीन लाख रुपये. सभासदांनी पेटीतून घेतलेल्या कर्जांचं व्याज आणि दंड मिळून आणखी ७५,००० जमले, तर अखेरीस शेअर १२५ रुपयांना पडतो. जिने २०० शेअर घेतले तिने २०,००० टाकले, ती २५,००० घेऊन जाते. पुढच्या बैठकीला शेअरची नवी किंमत आणि नवं चक्र. नको असेल ती बाहेर पडते, नवी येते.

पैसे का वाटायचे? अनेक सभासदांना लिहिता-वाचता येत नाही. चार-पाच वर्षांचे आकडे पुढे ओढत नेले की ते एका वहीवालीच्या हातात जातात. वर्षाला खातं शून्यावर आणलं की प्रत्येकीच्या हातात पडलेली रक्कम हाच तिचा ऑडिट. आपल्याकडे ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या गटांत बचत वर्षानुवर्षं गटातच राहते, कारण पुढे बँकेचं कर्ज घ्यायचं असतं. आफ्रिकेतल्या या गावांत बहुतेकदा मुळात बँकच हाकेच्या अंतरावर नसते. आपल्या मापाने त्यांचा गट मोजला की तो ‘फुटलेला’ दिसणारच.

सावकारी? सावकाराचं व्याज सावकाराच्या घरी जातं. इथलं व्याज पेटीत पडतं आणि वर्षअखेरीस त्याच वीस जणींत वाटलं जातं. कर्जही बेलगाम नसतं: स्वतःच्या बचतीच्या फार तर तिप्पट, सहसा तीन महिन्यांसाठी. आजारपण, मयत यांसाठी वेगळा निधी, त्यावर व्याज नाही. जास्त कर्ज घेणारीवर व्याजाचा भार जास्त पडतो आणि नुसती बचत करणारीचा फायदा होतो, हे मात्र खरं. पण दर ठरतो तो बैठकीतल्या मतदानाने, आणि तिथे पाच शेअरवालीलाही एकच मत.

गोऱ्यांचा पैसा, यात अर्धं खरं आहे ते मान्य करून टाकतो. १९९१ मध्ये नायजरच्या मरादी भागात केअर या संस्थेने ही पद्धत बसवली, हाउसा भाषेत ‘माता मासू दुबारा’ या नावाने. पण पाया तिथल्या बायकांच्या जुन्या भिशीचाच होता, आणि संस्थेने दिलं ते प्रशिक्षण. पेटीत बाहेरचं भांडवल घालायचं नाही, हा तर मूळ नियम.

राहिली समानता. २०१७ मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत घाना, मलावी आणि युगांडा या तीन देशांतल्या चाचणीचे निकाल आले. गट पोचवायची गावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली. घरच्या धंद्यांत आणि बायकांच्या सक्षमीकरणात सुधारणा दिसली; घराच्या सरासरी खर्चात मात्र फरक सापडला नाही. म्हणजे ‘पेटीने गरिबी हटली’ असे उलट्या बाजूचे मेसेजही तितकेच पोकळ. फरक कुठून पडतो ते बैठकीत दिसतं. तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत, आणि त्या तिघींपैकी कुणीही पदाधिकारी नाही. पेटी उघडते ती सगळ्यांसमोर. मागची शिल्लक वहीतून वाचण्याआधी सभासदांनी तोंडपाठ सांगायची. दोघी मोजणार, मोठ्याने. निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पिशवी, आडोशाला जाऊन त्यात खडा टाकायचा. नवऱ्यापुढे पैशाचा विषय काढायला कचरणारी बाई इथे अध्यक्षीणबाईंना हिशेब विचारते.

खोटच काढायची होती, तर मेसेजवाल्याने शेवटचे पंधरा दिवस बघायचे होते. वाटपाआधी सगळी कर्जं वसूल होतात आणि वर्षाची रोकड एका झोपडीत, एका पेटीत येऊन बसते. तीन कुलपं आतल्या माणसाला अडवतात. अख्खी पेटीच उचलून नेणाऱ्याला नाही. म्हणून काही गट त्या दिवसांत रोकड बँकेत किंवा मोबाइल खात्यात टाकतात, आणि बाकीचे शेवटची वसुली आणि वाटप यांत शक्य तितकं कमी अंतर ठेवतात.