वापस आलेल्यांसाठी काही अनुभवी सूचना

सर्वप्रथम, परदेशातून वापस आल्याबद्दल अभिनंदन. 'परत' नाही, 'वापस'. सोनेगावच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या हा शब्द जिभेवर घोळवून ठेवा, कारण पुढचे सहा महिने अख्खं नागपूर तुम्हाला एकच गोष्ट विचारणार आहे : "काऊन वापस आला बे?" हा प्रश्न आहे असं समजून उत्तर द्यायला जाऊ नका. आईचे गुडघे, मुलांचं मराठी, सगळं खरं असलं तरी समोरच्याचं निदान आधीच झालेलं असतं : नोकरी गेली. तुम्ही जितकं समजावाल तितकी ती जास्त गेलेली ठरते.

आता 'आमच्याकडे' या शब्दाविषयी. न्यू जर्सीत अकरा वर्षं मी 'आमच्याकडे' म्हणालो की त्याचा अर्थ नागपूर होता. आमच्याकडची संत्री, आमच्याकडचा पोळा, आमच्याकडे शेजारी फोन न करता येतात. विमानात बसलं की हा शब्द आपोआप उलटतो. बहुधा दोह्याला, सामान एका विमानातून दुसऱ्यात टाकतात तेव्हा. इथे उतरेपर्यंत आमच्याकडे गाड्या पादचाऱ्यासाठी थांबू लागतात, आमच्याकडे कोणी हॉर्न वाजवत नाही, आणि आमच्याकडे फोन न करता कोणी येत नाही. हे शेवटचं वाक्य भर दुपारी दोनला, फोन न करता आलेल्या मावशीसमोरच म्हणावं. "आमच्याकडे म्हणजे कुठे रे? महाल एरियात?" एवढंच ती विचारेल.

सभ्यपणा मात्र सोडू नका. पहिल्या रविवारी मी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर गेलो आणि एका गृहस्थांच्या मागे, हातभर अंतर राखून, रांगेत उभा राहिलो. पातेल्यात लाल तवंगाखाली चणे रटरटत होते. माझ्या डावीकडून एक हात गेला, उजवीकडून दोन, एक काखेखालून. प्रत्येक हात प्लेट घेऊन वापस आला. वीस मिनिटांनी पुढच्या गृहस्थांनी पेपरची घडी घातली आणि ते निघून गेले. त्यांचे पोहे केव्हाच खाऊन झाले होते, ते फक्त पेपर वाचत होते. मी एकटाच एका माणसाची रांग लावून उभा होतो. ठेलेवाल्याने दया येऊन विचारलं, "भाऊ, बाहेरून आले का?" मी 'थँक्यू' म्हटल्यावर त्याची खात्रीच पटली. वर चिवडा टाकायचाही तो क्षणभर विसरला.

पैसे देताना शांतपणे पाकिटातून डॉलरवालं कार्ड काढा. मी २०१३ साली गेलो तेव्हा यूपीआय नव्हतं, ते आलं २०१६ मध्ये, आणि मेट्रो धावली २०१९ मध्ये. म्हणजे ज्या गावाला आपण पुढारलेपण शिकवायला आलो, तिथला कोथिंबीरवाला दहा रुपयांसाठी क्यूआर कोड पुढे करतो आणि आपण त्याला विचारतो, "सुटे आहेत का?" अशा वेळी 'आमच्याकडे' हा शब्द टाळलेला बरा.

मैलही सोडून द्या. नागपुरात मैल एकच, झिरो माइल, आणि तो शून्यावरच थांबलाय.

एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्याचं काम लांबवता येईल तितकं लांबवावं, असं मन सांगेल. कायदा सांगतो की कायमचं वापस आलात तर ते निवासी खात्यात बदलून घ्या. बँकेतला फॉर्म जेमतेम दोन पानांचा, पण 'अनिवासी' म्हणवून घ्यायचा तो शेवटचा कागद. हात जड होतो. मुंजीतसुद्धा एवढं गंभीर वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात तर आपल्या जुन्या भाषणांपासून सावध राहा. मी गेलो त्याच वर्षी मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा मी तिकडे फॅरनहाइटमध्ये करून, ११८ म्हणून, प्रत्येक पार्टीत वाढला. जणू तो पारा मीच चढवला होता. यंदा एप्रिलात, बेचाळिसातच, मी कूलरसमोर बनियनवर बसून एसीची चौकशी करत होतो. बाबा वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत म्हणाले, "अजून नवतपा यायचा आहे."

हिवाळा मात्र तुमचा. पहिल्या डिसेंबरात फुटाळा तलावावर हाफ बाह्यांचा टी-शर्ट घालून फिरा आणि मफलर गुंडाळलेल्या लोकांकडे पाहून दयेने हसा. "ही काय थंडी? आमच्याकडे दार उघडायला बर्फ खोरावा लागायचा." बर्फाचं ते जाडजूड जॅकेट टाकून मात्र देऊ नका. कपाटावरच्या मोठ्या बॅगेत ठेवा.

कारण दुसऱ्या डिसेंबरात, बारा अंशात, तेच जॅकेट चढवून तुम्ही त्याच फुटाळ्यावर हात चोळत म्हणणार आहात, "काय थंडी वाजून राहिली बाप्पा!" कोणीतरी नक्की टोकेल : "तुमच्याकडे तर बर्फ पडायचा नं?"

चेन गळ्यापर्यंत ओढा आणि सांगा, "हव, पण आमच्याकडची थंडी वेगळी."