ऐरोलीकर, ग्रुपबद्दल लिहायचं मी टाळलं होतं

ऐरोलीकर, नमस्कार.

उत्तराला दहा दिवस लागले. पहिले चार रागात गेले, पुढचे सहा बँकेच्या मार्चएंडमध्ये. राग उतरल्यावर तुमची प्रतिक्रिया पुन्हा वाचली, तेव्हा ती पहिल्यापेक्षा जास्त लागली.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: माझी एक जुनी मैत्रीण, अभिनेत्री, घरात कोंडून ठेवणाऱ्या एका रिॲलिटी शोमध्ये सत्तावीस दिवस राहून आली. नंतर तिच्या कामाचं, झोपेचं आणि माणसांचं काय झालं ते मी लिहिलं होतं. त्यावर ऐरोलीकरांनी लिहिलं, "हौसेनं गेली ना? हात धरून कोणी नेलं नव्हतं. पैसे घेतले, नाव कमावलं, आता रडगाणं कशाला? लिटिल चॅम्प्सच्या मुलांचं काही बिघडलं का? आणि मॅडम, मैत्रिणीच्या दुःखावर तुम्ही स्वतःची पोळी भाजून घेताय, ते तिला विचारलंत का?"

शेवटचं आधी. विचारलं होतं. ओवळ्याला तिच्या घरी बसून तिनं लेख वाचला, आईबद्दलचे दोन परिच्छेद काढायला लावले आणि म्हणाली, "माझं नाव नको, शोचं नको, बाकी तू जाणे." हे उत्तरही तिनं वाचलंय. यातलंही एक वाक्य गेलंय.

पैशाचं पटकन उरकते. मानधन ठरतं आठवड्याच्या हिशोबानं, त्यामुळे दाराबाहेर पाऊल पडलं की मीटर बंद. हातात ते कधी पडतं? टीव्हीच्या धंद्यात नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस, घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सेटवरच्या स्पॉटदादाला विचारा. जिंकणाऱ्याच्या बक्षिसातून ३० टक्के कर जातो, वर सेस, आणि ही काही जिंकली नव्हती. बाहेर आल्यावर सुपाऱ्या मिळाल्या, म्हणजे नुसतं येऊन हात हलवायचे पैसे. ठाण्यात दहीहंडीला अशा पाहुण्यांचा तोटा नसतो, ती दोन हंड्यांना आणि एका सलूनच्या उद्घाटनाला गेली. पुढे दुसऱ्या शोचं पर्व सुरू झालं आणि पाहुण्यांची यादी बदलली. त्या पैशातून तिनं गृहकर्जाची मुद्दल थोडी फेडली. बँकवाली असल्यानं मला तिच्या सगळ्या कारकिर्दीत याचंच जास्त कौतुक आहे.

आता लिटिल चॅम्प्स. उदाहरण चांगलं दिलंत, पण ते तुमच्याच अंगावर येतं. २००९ साली अंतिम फेरीला पोचलेल्या त्या पाच मुलांना आपण ओळखत होतो ते त्यांच्या गळ्यामुळे. कार्यक्रम संपला, मुलं घरी गेली, शाळा केली, रियाज केला. २०२१ मध्ये तीच पाच जणं त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. मधल्या बारा वर्षांत करायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. घरात कोंडायच्या शोमध्ये विकला जातो स्वभाव. ही कल्पना मुळात १९९९ ची, नेदरलँड्सची. हिंदीत ती २००६ मध्ये आली, मराठीत २०१८ मध्ये. भाषा बदलली तरी माल तोच. तिथून बाहेर पडल्यावर रियाज कशाचा करायचा? भांडायचा? अभिजीत सावंतनं २००५ मध्ये गाऊन इंडियन आयडॉल जिंकलं आणि २०२४ मध्ये मराठी बिग बॉसच्या घरात तो उपविजेता ठरला. त्याच्याकडे परत जायला गाणं होतं. माझ्या मैत्रिणीकडे अभिनय आहे, पण लूक टेस्टला बोलावतात आणि म्हणतात, "ते कणकेवरून भांडण होतं ना तुमचं, तोच ठसका हवाय."

त्या भांडणाबद्दल एवढंच सांगते की कणीक मोजून मिळायची आणि मळलेला गोळा कोणीतरी ओट्यावर वाळवला होता. चोवीस तासांतून जाहिराती वगळून पाऊण तास दाखवायचा, तर गोळा कोण दाखवणार? आवाज दाखवतात. त्यात मला कटकारस्थान वगैरे दिसत नाही. मी संकलक असते तर मीही आवाजच ठेवला असता.

"हौसेनं गेली" हे खरंच आहे. ती स्वतःही तेच म्हणते. पण परत आल्यावर एक गोष्ट मी जवळून पाहिली. बोलायला तोंड उघडायच्या आधी तिचा हात गळ्याशी जायचा. आत माईक कायम लावून ठेवायचा असतो, कोणी विसरलं की सगळ्यांसमोर आठवण करून देतात. गावदेवी मंडईत आम्ही मेथी घेत होतो. भाजीवाल्या मावशींनी हिला ओळखलं, "तुम्हीच ना त्या, कणीकवाल्या?" आणि हसत हसत कोथिंबिरीची जुडी फुकट पिशवीत टाकली. मावशींच्या मनात काही वाईट नव्हतं. ही "हो" म्हणायला गेली आणि हात गळ्याशी. बोटांनी चाचपलं, काही लागलं नाही, मग हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिनं ती जुडी दोन्ही हातांत धरली.

झोपेसाठी ती समुपदेशनाला गेली, अजून जाते. ठाण्यात ही सोय दुर्मीळ नाही, डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून इथेच आहे. आणि तरी आपल्या भाषेत कोणाला वेड्यात काढायचं तर अजून "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात, १९०१ सालच्या मनोरुग्णालयाच्या कृपेनं. तिच्या फोटोंखाली हे वाक्य इतक्या वेळा आलं की एकदा तिनं खाली लिहिलं, "अहो, मी ठाण्यालाच राहते." त्या उत्तराला मात्र फारसे लाइक मिळाले नाहीत.

इथपर्यंत मी तुमच्याशी भांडले. आता जे लागलं ते.

पोळी भाजण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, आणि मी चरफडले, कारण मागच्या लेखात मी प्रेक्षकांना, ट्रोलर्सना, सगळ्यांना नावं ठेवली होती आणि आमचा ग्रुप वगळला होता. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेच्या टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अकरा जणांचा, २०१५ पासूनचा. शो सुरू झाला त्या रात्री आम्ही त्यावर अभिनंदनाचा रतीब घातला. चौथ्या दिवशी पहिलं मीम आलं. कणकेच्या भांडणानंतर तर काय, रोज रात्री एपिसोड संपला की तासभर धुमाकूळ. आम्ही सगळे प्रेमाची माणसं, बरं का. तिला मतं द्या म्हणून सोसायटीत फिरलेली.

ती त्या ग्रुपवर होती. कोणी काढलं नव्हतं, कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तिचा फोन आत जाताना जमा करून बंद केलेला. ग्रुपवर मेसेजला दुसरी टिक सगळ्यांपर्यंत पोचल्यावरच येते, त्यामुळे ते सगळे दिवस आमचा प्रत्येक विनोद एका टिकवर उभा होता. आम्ही बाकीचे दहा, त्यात दोन सॉफ्टवेअरवाले. कोणालाही प्रश्न पडला नाही.

ती बाहेर आली त्या रात्री साडेअकराला मी ग्रुप उघडला होता, "वेलकम बॅक" लिहायला. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मेसेजांना दुसऱ्या टिका यायला लागल्या. खालून वर सरकवत गेले तसतशा सगळ्या आलेल्या. त्यात आदल्या रात्रीचा एक मेसेज होता: "ही आधीपासून अशीच आहे, एकांकिकेच्या वेळचं आठवा." त्याखाली सात जणांचे हसरे चेहरे. तो पुसून काही उपयोग नव्हता. तरी पुसला. आता तिला तिथे "हा मेसेज डिलीट केला आहे" असं दिसतं, म्हणजे तिनं वाचला नसेल तरी काहीतरी होतं एवढं नक्की कळावं.

ऐरोलीकर, करारावर सही करून ती कॅमेऱ्यासमोर गेली, तो तिचा निर्णय. ट्रोलर तिला त्यात धरावे लागले असतील. आम्ही त्या करारात नव्हतो.

ग्रुप ती सोडून गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं "आले गं" एवढंच टाकलं आणि कोणीतरी लगेच नाटकाच्या तिकिटांचं विचारलं. मी माफी मागितली नाही, कारण मागायची तर ती काय वाचलं हे विचारून मागावी लागली असती. मागचा लेख लिहिला तो बहुधा त्याऐवजी. ते तुम्ही हेरलंत, ओळख नसताना.

पावसाळ्यात एकदा आम्ही उपवनच्या काठावर कणीस खात बसलो होतो. भट्टीवाला तिला ओळखत नव्हता म्हणून ती खुशीत होती. लिंबू चोळता चोळता तिनं सहज विचारलं, "एकांकिकेच्या वेळी मी नक्की काय केलं होतं गं?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मला काहीच आठवेना.