उगवलं का?

मेथी उगवायला तीन दिवस घेते, भेंडी पाच-सहा, कोथिंबीर दहा-बारा. सात वर्षांच्या मुलाच्या हिशेबात या तिन्ही चाळीस मिनिटांत उगवायला हव्यात. चाळीस मिनिटं झाली की बोट कुंडीत जातं, बी वर येतं, उजेडात धरून उलटसुलट पाहिलं जातं, "अजून नाही गं आजी," असा निकाल लागतो आणि बी परत आत जातं, आधीपेक्षा दुप्पट खोल. गॅलरीतल्या भाजीवर मावा पडतो, पिठ्या ढेकूण पडतो, कबुतरं पडतात. पण या सगळ्यांच्या आधी तिच्यावर पडते ती मुलांची माया, आणि मायेवर निंबोळी तेल चालत नाही.

हा उपद्व्याप करायचाच तर फेब्रुवारीत करावा. पंचांगातला वसंत चैत्रात लागतो, मुंबईतला पंखा दोनवरून चारवर जातो तेव्हा लागतो. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, हे आजी दरवर्षी सांगते. जाताना थंडी फ्लॉवर, गाजर आणि मटारही घेऊन जाते, हे मात्र आपल्याला सांगावं लागतं. ते सोपं नसतं, कारण मुलं नुकतीच राणीच्या बागेतलं महापालिकेचं झाडा-फुला-भाज्यांचं प्रदर्शन बघून आलेली असतात आणि त्यांना डोक्याएवढा फ्लॉवर हवा असतो, स्वतःच्या गॅलरीत, येत्या रविवारपर्यंत. फ्लॉवरला गड्डा धरायला थंडी लागते, आता लावला तर नुसता पाला मिळतो. टोमॅटोचाही हट्ट धरू नये. झाड जोमात वाढतं, फुलं येतात, आणि रात्रीचा पारा चोविशीच्या वर राहू लागला की फुलं फळ न धरता गळतात. मार्चच्या सौम्यपणावर तर विसंबूच नये. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला पारा ४१.७ अंशांवर गेला होता.

मग उरतात मेथी, लाल माठ, भेंडी, गवार, चवळी. मुलं असतील तर पहिल्या तीनच घ्याव्यात. महाशिवरात्रीला पेरलं तर मेथी होळी-रंगपंचमीच्या सुमारास कापायला येते, माठ पाडव्याला, आणि भेंडी रामनवमीच्या आसपास फुलून हनुमान जयंतीनंतर ताटात पडते. मुलांना 'पन्नास दिवस' सांगून काही कळत नाही. 'हनुमान जयंती' सांगितलं की निदान त्यांची तक्रार आपल्याऐवजी मारुतीकडे जाते.

उन्हाचा हिशेब आधी करावा. फळभाजीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. दक्षिणेकडची गॅलरी जानेवारीत श्रीमंत असते, ऊन पार सोफ्यापर्यंत येऊन बसतं. पण सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की ते आखडत जातं. मार्चअखेर कठड्यापाशी उभं राहतं, आणि मेच्या मध्याला सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येऊन पुढे उत्तरेला गेला की दुपारचं ऊन घरात पाऊलसुद्धा टाकत नाही. म्हणून फेब्रुवारीत बघून ठेवलेल्या जागेवर कुंडी कायमची बसवू नये, दर पंधरवड्याला वीतभर बाहेर सरकवावी. दर रविवारी दुपारी बारा वाजता खडूने फरशीवर उन्हाची रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, हे काम मुलांना द्यावं. मुलांच्या हातून होणारं आणि झाडाला न दुखवणारं हे या सगळ्या प्रकरणातलं एकमेव काम आहे. (खडू फरशीवरच चालवायचा, भिंतीवर नाही, हे लगेच सांगावं.) कुंडी ग्रिलच्या पेटीत टांगायचा मोह मात्र आवरावा. बारा इंची कुंडी भिजली की पंधरा किलोच्या घरात जाते आणि ग्रिल बसवणाऱ्याने तिथे फार तर तुळस धरलेली असते.

आता माती. नर्सरीतली लाल माती एकटी भरली तर दोन आठवड्यांत तिची वीट होते. वरून पाणी घातलं की ते कडेकडेने निसटतं आणि मुळं मध्ये कोरडीच. म्हणून एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि बारा इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. मुठी मोठ्या माणसाच्या. शेणखताला वास येत नसेल तरच ते कुजलेलं; येत असेल तर ते अजून शेणच आहे आणि मुळं भाजतं.

कोकोपीटच्या विटेबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. पाच किलोची ही वीट चपलेच्या खोक्याएवढी दिसते आणि पाण्यात पडली की सत्तर लिटरच्या आसपास होते. सत्तर लिटर म्हणजे घरातल्या चार मोठ्या बादल्या. मुलांना हे कळलं की वीट भिजवण्याचं काम दुसऱ्या कोणाला मिळत नाही. वीट बादलीत टाकतात, वर पाणी सोडतात, मग ती वाढते, बादलीबाहेर डोकावते, बादली सोडून न्हाणीघरात उतरते आणि मुलं आनंदाने बेभान होऊन आणखी पाणी सोडतात. म्हणून करवतीने विटेचा पाचवा हिस्सा काढावा आणि तेवढाच भिजवावा. तीन कुंड्यांच्या मिश्रणाला तो पुरतो. उरलेली वीट कोरडी, पलंगाखाली, मुलांच्या नजरेआड. भिजवलेल्यातून पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, ते मुळांना सोसत नाही, तेव्हा दोनदा पाणी बदलून, घट्ट पिळूनच वापरावं. मोरीच्या जाळीवर जुनं फडकं आधी अंथरावं. ते विसरलात तर पुढचा खर्च बागेच्या खात्यावर टाकू नका, प्लंबरच्या टाका.

कुंडीला तळाशी चार-पाच भोकं हवीत, प्रत्येक भोकावर खापराचा तुकडा. खाली तबक ठेवावं, नाहीतर लाल पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवर उतरतं आणि काकू वर चढतात. तबकातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून ते पुसून ठेवावं. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडायला तयार होतो आणि त्याला बशीभर पाणी पुष्कळ होतं.

पेरणीला बोटाचं पेर हे माप. भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं, तरंगेल ते टाकायचं, बुडेल ते अर्धं पेर खोल लावायचं. अर्धं पेर मोठ्यांचं. लहान मुलाचं अख्खं पेर त्याच्या जवळपास भरतं. म्हणजे बोट मुलाचं असलं तर माप आयतंच जुळतं, फक्त ते बोट एका पेरावर थांबलं पाहिजे. पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते मुलांच्या हातात देऊ नये. त्यांना ते बडीशेपेच्या गोळ्यांसारखं वाटतं. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातली चालते. धणेही चालतात, फक्त भाजलेले नकोत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून धणे कागदावर पसरून लाटण्याने हलके फिरवावे, दोन फाका होतात. हे काम मुलांना दिलं की धणेपूड तयार होते.

माठाचं बी मोहरीहून बारीक, काळं आणि निसरडं. हातात दिलं तर अख्खं पाकीट एका जागी पडतं आणि आठवड्याने तिथे लाल गालिचाचा एक टाका उगवतो, बाकी कुंडी टक्कल. यावर उपाय जुना आहे: एक चमचा बी, पाच चमचे कोरडी वाळू, मिठाच्या भोकाच्या डबीत घालून शिंपडायचं. वरून मातीचा नुसता पापुद्रा. काम झालं की डबीवर चिठ्ठी लावावी आणि ती जेवणाच्या टेबलापासून लांब ठेवावी. लगेच वर जाळीची भाजीची टोपली पालथी घालून तिच्यावर दगड ठेवावा, कारण कबुतर कोवळे कोंब खातं आणि उरलेल्यावर बसतं.

आता मूळ दुखणं, उकरून बघण्याचं. बी फुटताना आधी मूळ खाली येतं, पांढरं आणि दोऱ्यासारखं नाजूक. बी वर काढलं की ते तुटतं आणि तिथेच खेळ संपतो. 'हात लावू नकोस' हे वाक्य बारा दिवस म्हणता येत नाही, माणूस थकतो. त्यापेक्षा काचेचा ग्लास घ्यावा, आतून टीपकागद गुंडाळावा, मध्ये ओला कापूस ठासावा आणि काच नि कागद यांच्या फटीत मेथीचे आणि चवळीचे दाणे अडकवावेत. कापूस ओला ठेवला की तिसऱ्या दिवशी मूळ काचेतून दिसतं. दिवसातून कितीही वेळा बघा. सोबत एक 'उकरायची कुंडी' द्यावी, तिच्यात मूठभर मेथी टाकून हवं तेव्हा खणायची मुभा. या कुंडीत कधी काही उगवत नाही, पण बाकीच्या कुंड्या त्यामुळेच उगवतात. घाई फारच असेल तर उथळ टबात धुतलेली वाळू भरून दाट मेथी पेरावी. बाजारात चिमुकल्या जुड्यांनी मिळते ती समुद्रमेथी अशीच, वाळूत वाढलेली आणि दोन पानांवर आल्याबरोबर पांढऱ्या मुळांसकट उपटलेली. दहा-बारा दिवसांत हिशेब पूर्ण, आणि उपटायला परवानगी.

पाण्याचं म्हणाल तर फेब्रुवारीत सकाळी एकदा, एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ, आणि दर वेळी आधी बोट घालून बघायचं. वरचं पेर कोरडं असेल तरच. घरात दोन मुलं आणि एक आजोबा असले की एका कुंडीला तीनदा पाणी मिळतं, तिघंही मनापासून घालतात. मग रोपाचं खोड मातीलगत बारीक होतं आणि ते आडवं पडतं. याला मर म्हणतात. बुरशीमुळे होते आणि पडलेलं रोप उठत नाही. "झोपलंय," असं धाकट्याला सांगितलं तर तो त्याच्यावर रुमाल घालतो. झारीऐवजी बाटलीच्या झाकणाला दाभणाने सात-आठ भोकं पाडून द्यावी आणि बाटली अर्ध्या लिटरची असावी. पाणी संपलं की त्या दिवसाची माया संपली.

मुलांना सगळ्यात जड जाते ती विरळणी. कुंडीत भेंडीच्या तीन बिया लावल्या, तिन्ही उगवल्या, आइस्क्रीमच्या काड्यांवर मोठी ताई, मधली ताई आणि छोटी अशी नावं लागली. बी फुटताना येणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं आली की तिघींतली एक ठेवून दोघींना कापायचं असतं, कारण बारा इंची कुंडीतलं खत एकीलाच पुरतं. तिघी राहिल्या तर तिघीही काटकुळ्या होतात. कापायचं कात्रीनेच, मातीलगत. उपटलं तर मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, राहणारीही हलते. "दुसऱ्या कुंडीत लावू ना," हा प्रश्न येतोच, आणि उत्तर कडू आहे: भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते दुखावलं की रोप जागच्या जागी रुसतं. खटला मोठा चालतो. मुलं शाळेत गेल्यावर कात्री चालवणं आणि मग कबुतराचं नाव घेणं, हे मी चूक मानत नाही. कबुतराच्या नावावर तसेही पुष्कळ गुन्हे आहेत. माठाची विरळणी त्या मानाने सुखाची, उपटलेलं सगळं धुऊन थेट आमटीत.

किडीचं थोडक्यात. कोवळ्या शेंड्याला मुंग्यांची रांग दिसली की मावा आलाच समजा, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, पानांच्या खालच्या बाजूने, ऊन उतरल्यावर. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्याजर्द पडल्या तर तो हळद्या रोग, पांढरी माशी तो आणते, त्यावर औषध नाही. झाड काढून टाकायचं. त्या वेळी मुलं शाळेत असलेली बरी.

आणि मग एके सकाळी पिवळं फूल, मध्ये गडद किरमिजी ठिपका. पाच-सहा दिवसांत बोटाएवढी भेंडी. ती तेव्हाच काढायला हवी. "अजून मोठी होऊ दे," म्हणून ठेवली की आठवड्यात ती वीतभर होते, जून होते आणि चिरायला गेलं तर सुरी परत येते. अशी भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचा सुंदर ठसा उमटतो, एवढाच तिचा उपयोग. कोवळी ओळखायची कशी, हे मुलांना दाखवावं लागतं: टोक वाकवायचं, कट्कन मोडलं तर कोवळी. हे शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी चारही झाडांवरच्या सगळ्या भेंड्यांची टोकं मोडलेली असतात, कालच धरलेल्या इवल्याशा भेंडीचंसुद्धा.

चार झाडं दिवसाआड दोन-तीन भेंड्या देतात. चौघांच्या भाजीला पाव किलो, म्हणजे वीस-पंचवीस तरी हव्यात. तेवढ्या जमेपर्यंत पहिल्या फ्रीजमध्ये दोरखंड झालेल्या असतात. म्हणून वाट बघू नये. असतील त्या सात पुसून कोरड्या कराव्या, पातळ चकत्या कराव्या, तेलात जिरं-हिंग, वर आमसूल, झाकण न ठेवता परतावं. पंच्याण्णव चकत्या होतात. एरवी भेंडी बघून ताट सरकवणारी दोन्ही मुलं त्या मोजून वाटतात, चौघांत तेवीस-तेवीस. तीन उरतात, आणि भांडण त्या तीनवरून होतं.