"सगळ्यात स्वस्त विका" म्हणणाऱ्या त्या मेसेजला सोलापुरातून उत्तर

भाचीनं चादरी-टॉवेल ऑनलाईन विकायचं ठरवलं आणि दोन दिवसांत तिला तीन ग्रुपवरून एकच मेसेज आला, नवीन ऑनलाईन बिझनेस गर्दीत उठून दिसायचे पाच मंत्र. तुमच्याकडंही आला असेल. सगळ्यात स्वस्त विका, डिलिव्हरी फ्री ठेवा, जास्तीत जास्त व्हरायटी ठेवा, जीआय टॅगचा, म्हणजे माल ठराविक गावचाच असल्याच्या सरकारी ओळखीचा, शिक्का मारा, आणि ओळखीच्यांकडून पन्नास फाईव्ह स्टार रिव्ह्यू टाकून घ्या. पोरगी वहीत उतरवून घेत होती, ते बघून राहवलं नाही. मी सहा वर्षं सोलापुरातून हाच माल पार्सलनं पाठवतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिले दोन मंत्र एकत्रच घेऊ, कारण नुकसान दोन्हीचं मिळून होतं. समजा चादर मागावरून ४५० ला पडली आणि तुम्ही ७०० ला विकली. कुरिअर १२०, पॅकिंग २०, हातात राहिले ११०. आता स्वस्त दिसायचं म्हणून १० टक्के सूट दिली की राहिले फक्त ४०. अशात कॅश ऑन डिलिव्हरीचं एक पार्सल गिऱ्हाइकानं घेतलंच नाही आणि जाता-येता दोन्ही भाडं आणि पॅकिंग तुमच्या अंगावर पडलं, तर २६० गेले, म्हणजे सहा-सात ऑर्डरींचा नफा त्या एका पार्सलमध्ये संपला. आणि एवढं करून वेगळेपण काय मिळालं? शेजारचा रात्रीतून अजून १० रुपये कमी करतो आणि तुम्ही परत होतात तिथंच. किमतीची नक्कल करायला काहीच लागत नाही हो.

पैसा जिथं खरंच वाचतो ते या मेसेजमध्ये कुठंच नाही. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५००० नं भागतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. दीड किलोची चादर ४० बाय ३० बाय १२ च्या खोक्यात सैल टाकली तर हिशोब २.८८ किलोचा होतो, तीच नीट दाबून घडी घालून ३५ बाय २८ बाय ८ मध्ये बसवली तर १.५७. चादर तीच, गिऱ्हाईक तेच, भाडं जवळजवळ अर्ध्या वजनाचं. मला हे कळायला पहिलं वर्ष गेलं, भाचीचं जाऊ नये एवढंच.

व्हरायटीचं म्हणाल तर मोठ्या ॲपवर लाखो वस्तू असतात, त्यांच्याशी तुम्ही संख्येत काय लढणार. त्यापेक्षा एक गिऱ्हाईक धरा. आपल्याकडं लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर असतो, पुण्या-मुंबईतल्या घरांनाही तो लागतो आणि ऐनवेळी एकसारखे पन्नास टॉवेल कुठं मिळत नाहीत. पन्नासचा सेट, रंग ठरलेला, वधूवरांचं नाव भरतकाम करून, तारखेच्या आठ दिवस आधी घरपोच, एवढं एकच काम नीट केलं तरी लोक नाव लक्षात ठेवतात. भाचीला मी हेच धरायला सांगितलंय.

आणि फोटो टाकताना टॉवेल काट्यावर ठेवून वजन दिसेल असा एक टाका, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, लिहा, पाच धुण्यांनंतर कसा दिसतो तेही दाखवा, रंग थोडा जात असेल तर पहिल्या धुण्याला वेगळा धुवा असं आधीच सांगा. पातळ माल विकणारा हे दाखवूच शकत नाही. नक्कल करायला अवघड गोष्ट ती हीच.

जीआयबद्दल लय गैरसमज आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हीला जीआय आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे, पण तो शिक्का कुणीही उचलून लावायचा नसतो, जीआय रजिस्ट्रीत ऑथराइज्ड युजर म्हणून नोंद लागते. शिवाय जीआय अख्ख्या सोलापूरचा. बाहेरच्या नकलेपासून तो आपल्याला वेगळं करतो, पण अक्कलकोट रोडवरच्या दुसऱ्या नोंदणीवाल्यापासून नाही करत. त्यासाठी स्वतःचं नाव लागतं आणि त्या नावाचा ट्रेडमार्क. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्लास, म्हणजे वर्ग, असतात, त्यात टॉवेल-चादरी क्लास २४ मध्ये येतात आणि एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका क्लासला ४,५०० रुपये आहे. वर सांगितलेली १० टक्के सूट, म्हणजे चादरीमागं ७० रुपये, देत बसलात तर इतके पैसे ६५ चादरींतच जातात.

राहिले खोटे रिव्ह्यू. याचा मला खरंच राग येतो. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला स्पष्ट मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मावशी-काकूंचे "खूपच छान" असे पन्नास रिव्ह्यू वाचून कुणी टॉवेल घेत नाही. खऱ्या गिऱ्हाइकानं लिहिलेलं "कडेची शिलाई उसवली होती, फोटो पाठवला, चौथ्या दिवशी दुसरा टॉवेल आला" हे एक वाक्य मला आजही ऑर्डरी आणून देतं.

भाचीनं वहीतलं ते पान फाडलं. काल संध्याकाळी ती वजनकाटा आणायला नवी पेठेत गेली होती.