मुदत संपली तरी थकबाकी संपत नाही

घर घेण्याच्या तयारीत असलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: क्रेडिट कार्डाची थकबाकी भरण्याची घाई करू नका, तीन वर्षे गेली की ती कायद्यानेच मुदतबाह्य होते, मध्येच बँकेने गाठले तर लाखाचे चाळीस हजारांत सेटलमेंट करा, पत्र घ्या, सिबिल (पतनोंद) साफ, गृहकर्जाला घरच तारण असल्यामुळे कार्डाकडे कोणी पाहत नाही, आणि पाहिलेच तर कर्ज पत्नीच्या नावे काढा, तोवर फ्लॅट मात्र बुक करून टाका. ‘कार्डाच्या थकबाकीसाठी तुरुंग होत नाही’ असेही त्यात म्हटले आहे आणि तेवढे वाक्य बरोबर आहे. फसवणूक केलेली नसेल आणि दिलेला चेक न वटता परत गेलेला नसेल, तर पैसे थकणे हा दिवाणी मामला आहे. अशा वेळी अटकेची भीती घालणारा वसुली एजंट खोटे बोलत असतो. बाकीचा संदेश मात्र न्यायालयात काय होईल याचाच विचार करतो, आणि गृहकर्जाचा अर्ज न्यायालयात जात नसतो.

प्रथम तीन वर्षांविषयी. १९६३च्या मुदत कायद्यानुसार अशा थकबाकीसाठी दावा दाखल करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे, हे खरे. परंतु मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे लेखी मान्य केले, तर कलम १८नुसार त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते, आणि स्वतःच्या सहीच्या चेकने काही रक्कम भरली तर कलम १९नुसारही मुदत नव्याने सुरू होऊ शकते. तगादा थांबावा म्हणून ‘पुढच्या महिन्यापासून भरतो’ असे सहीनिशी लिहून देणारे अनेक असतात आणि आपण घड्याळ पुन्हा शून्यावर नेले, याची त्यांना कल्पनाही नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुदत संपल्यावर बँकेचा दावा करण्याचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही. पतमाहितीच्या नोंदी २००५च्या वेगळ्या कायद्याखाली ठेवल्या जातात, किमान सात वर्षे, आणि त्यांचा मुदत कायद्याशी संबंध नाही. बँकेने रक्कम निर्लेखित केली, म्हणजे आपल्या हिशेबातून काढून टाकली, की ती माफ झाली, हाही असाच एक गैरसमज. अहवालात ‘रिटन ऑफ’ हा शेरा उलट सर्वांत वाईट शेऱ्यांपैकी एक आहे.

शिवाय थांबणे फुकट नसते. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के धरले, तर साठ हजारांवर महिन्याला २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८ रुपये होतात. व्याजावर व्याज आणि विलंब शुल्क धरले नाही तरी वर्षाकाठी ही वाढ तीस हजारांच्या घरात जाते.

आता सेटलमेंट, जिथे सर्वाधिक माणसे फसतात. मागच्या महिन्यात एका परिचित दांपत्याने त्यांचा पतअहवाल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. शेजारी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बँकेचे सेटलमेंटचे पत्र जपून ठेवलेले होते आणि ते म्हणजेच ‘नो ड्यूज’, काहीही देणे नसल्याचे पत्र, अशी दोघांची समजूत होती. अहवालात मात्र कार्डाच्या खात्याखाली महिनावार चौकटी होत्या: शून्य, शून्य, ०३०, ०६१, ०९२. हप्ता किती दिवस उशिरा आहे, ते हे आकडे सांगतात, आणि नव्वदी ओलांडली की खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकीत कर्ज, ठरते. चौकटींच्या वर खात्याची स्थिती ‘सेटल्ड’ लिहिलेली होती आणि सेटलमेंटची रक्कम व निर्लेखित रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत नोंदलेल्या होत्या. कर्ज अधिकाऱ्याला हे शोधावे लागत नाही. बँकेने किती सोडले, हे तो एका नजरेत वाचतो. पत्र खरे होते, बँकेने शब्द पाळला होता, पण पुढे आपल्याकडून काही मागणार नाही, एवढेच तिने लिहून दिले होते. कर्ज पूर्ण फिटले, असे त्यात कुठेही नव्हते.

रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३च्या नियमावलीनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था, शेतीकर्जे वगळता, किमान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. इतर बँकांवर हे बंधन नाही, तरी त्या अहवाल वाचतात आणि नकार देतात किंवा दर चढवतात. रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेल्या गृहकर्जाच्या दरात कर्जदाराच्या पतजोखमीचा भाग असतो आणि अनेक बँकांनी पतअहवालातील स्कोअरनुसार दरांचे टप्पेच ठरवले आहेत. पन्नास लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ४३,३९० रुपये येतो. नऊ टक्क्यांनी घेतले, तर सुमारे ४४,९९०. दर तसाच राहिला, तर अर्ध्या टक्क्याची किंमत अखेरीस पावणेचार लाखांच्या वर जाते. संदेशातल्या लाखाच्या सेटलमेंटमध्ये वाचणार होते साठ हजार.

नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, आणि पूर्ण रक्कम भरणे खरोखर अशक्य असेल, तर सेटलमेंट हा वैध आणि कधी कधी शहाणपणाचाही मार्ग आहे. माझा आक्षेप तो मार्ग ‘साफ’ म्हणून विकण्याला आहे. पूर्वी सेटलमेंट केलेल्यांनी सोडलेली रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवून देण्याची लेखी मागणी बँकेकडे अवश्य करावी. मात्र उशिराच्या महिन्यांच्या चौकटी त्यानेही पुसल्या जात नाहीत आणि पैसे घेऊन खरी नोंद पुसून देतो म्हणणारा एजंट ते करू शकत नाही.

घर तारण आहे म्हणून कार्डाकडे कोणी पाहत नाही, हे विधान कर्ज देणाऱ्याचा हेतूच चुकीचा समजते. बँकेला घर नको असते, वीस वर्षे वेळेवर हप्ता हवा असतो; जप्ती आणि लिलाव हा तिच्या दृष्टीने शेवटचा आणि खर्चिक उपाय. तिच्यासमोर अर्जदाराच्या सवयीचा पुरावा म्हणून जे असते, त्यात कार्ड अग्रभागी असते, कारण तेथे दरमहा परीक्षा होते.

पत्नीच्या नावाचा उपाय कागदावर सोपा दिसतो. तिच्या एकटीच्या उत्पन्नावर पुरेसे कर्ज मिळत असेल, तर हरकत नाही. परंतु पतीचे उत्पन्न मोजायचे असेल, तर तो सहकर्जदार होतो, आणि घर दोघांच्या नावे असेल, तर बँका बहुधा दोघांनाही कर्जात घेतात. मग त्याचाही अहवाल उघडला जातो.

राहिला आधी बुकिंग करण्याचा सल्ला. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १३नुसार नोंदणीकृत करार होईपर्यंत विकासक दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, पण सत्तर लाखांच्या फ्लॅटचे दहा टक्के म्हणजेही सात लाख होतात, आणि कर्ज नाकारले गेल्यावर त्यातले किती परत येतील, हे वाटप पत्रातील रद्द करण्याच्या अटींवर ठरते. म्हणून क्रम उलटा हवा. थकबाकी पूर्ण भरावी, बँकेकडून काहीही देणे नसल्याचे पत्र घ्यावे आणि नोंद बदलण्याची वाट पाहावी. १ जानेवारी २०२५पासून बँकांवर ही माहिती किमान पंधरवड्याने पाठवण्याचे बंधन आले. मग चारही पतमाहिती कंपन्यांकडून (सिबिल त्यांपैकी एक) वर्षातून एकदा मोफत मिळणारा पूर्ण अहवाल काढावा, कारण बँक कोणत्या कंपनीचा पाहील हे आपल्या हातात नसते. नोंद चुकीची राहिली, तर तक्रार करावी आणि तिची तारीख जपून ठेवावी: तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देय होते. त्या दांपत्याला मी एवढेच सांगितले की, इसाराचा चेक अहवाल बदललेला डोळ्यांनी पाहिल्यावर आणि बँकेचे मंजुरीपत्र हातात आल्यावर द्या.