खुर्ची जुनी, झगे नवे : गोर्सेदवरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वेल्समधील आयस्तेदवोद या वार्षिक साहित्य-संगीत महोत्सवावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण सविस्तर प्रतिक्रिया नोंदवलीत. दोन ओळींत तिची बोळवण करणे बरे वाटले नाही, म्हणून उत्तराला विलंब झाला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : प्राचीन ब्रिटनमधील ड्रुइड पुरोहितांच्या नावाने होणाऱ्या ज्या ‘गोर्सेद’ सोहळ्याला मी ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ म्हटले, तो अफूच्या आहारी गेलेल्या एका गवंड्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रचलेला बनाव आहे, ‘केल्ट’ (वेल्श, आयरिश आदी लोकांना मिळून दिले जाणारे नाव) ही ओळखही तितकीच अर्वाचीन आहे, आणि ज्या देशात पाचांतल्या एकालाही आपली भाषा येत नाही, त्याची राष्ट्रीय अस्मिता म्हणजे ‘खोट्या दस्तांवर चढवलेले मजले’ होत. अशा गोष्टीचे कौतुक करणे हा भाबडेपणा आहे, असेही आपण शेवटी म्हटले आहे.

पहिल्या मुद्द्याबाबत चूक माझीच आहे आणि ती मान्य करताना मला कोणतीही पुस्ती जोडायची नाही. ड्रुइडांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते प्रामुख्याने सीझर आणि टॅसिटस यांच्यासारख्या रोमन लेखकांमुळे, म्हणजे त्यांच्या शत्रूंमुळे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन सैन्याने अँगलसी बेटावरील त्यांची पवित्र वने तोडली. त्या ड्रुइडांपासून आजच्या सोहळ्यापर्यंत अखंड चालत आलेला एकही विधी दाखवता येत नाही. ‘दोन हजार वर्षे’ हा आकडा मी न तपासता लिहिला.

तो गवंडी म्हणजे एडवर्ड विल्यम्स (1747–1826), ‘योलो मोर्गानुग’ या काव्यनामाने प्रसिद्ध झालेला. दक्षिण वेल्समधील ग्लॅमॉर्गन परगण्यात तो थडग्यांचे दगड घडवी, दम्यावर उतारा म्हणून लॉडेनम म्हणजे अफूचा अर्क घेई, आणि जुनी हस्तलिखिते शोधत मैलोन्‌मैल पायी हिंडे. प्राचीन ड्रुइडांचे ज्ञान फक्त ग्लॅमॉर्गनच्या कवींनी जपून ठेवले आहे, असा त्याचा दावा होता. त्यासाठी त्याने वंशावळी, त्रिपदी सुभाषिते, इतकेच काय, लाकडी पट्ट्यांवर कोरायची एक वर्णमालाही रचली. 1792 च्या जूनमध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिल या टेकडीवर त्याने कवींची पहिली ‘गोर्सेद’ म्हणजे सभा भरवली. 1819 मध्ये कारमार्दन येथील आयस्तेदवोदच्या वेळी एका खानावळीच्या बागेत त्याने तीच सभा त्या महोत्सवाला जोडून दिली. वर्तुळासाठी लागणारे ‘प्राचीन पाषाण’ त्याने खिशातून खड्यांच्या रूपाने काढले, असे सांगतात. इथवर आपले आणि माझे काहीही दुमत नाही.

मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. सोहळा बनावट, म्हणून ज्याला तो सोहळा जोडला ते सारेच बनावट, हे अनुमान मला टिकणारे वाटत नाही. आयस्तेदवोद या शब्दाच्या मुळाशी ‘बसणे’ हा अर्थ आहे, आणि तिथले सर्वोच्च पारितोषिक म्हणजे खुर्ची. ऱ्हीस अप ग्रिफिद या वेल्श राजाने 1176 मध्ये कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवली आणि दोन्ही गटांतील विजेत्यांना एकेक खुर्ची दिली, याची नोंद मध्ययुगीन बखरीत आहे. पुढे कारमार्दन आणि केअर्विस येथे भरलेल्या सभांत छंदांचे नियम पक्के करण्यात आले आणि कवींना परवाने देण्यात आले. यातले काहीही योलोने रचलेले नाही. खुर्ची जुनी आहे. तिच्याभोवतीचे झगे नवे आहेत.

ही खुर्ची ज्या काव्यबंधासाठी दिली जाते त्याविषयी मी मूळ लेखात फारच घाईने लिहिले होते, आणि आपल्या आक्षेपाचे खरे उत्तर बहुधा तिथेच आहे. ‘कंगहानेद’ नावाच्या या बंधनाच्या एका प्रमुख प्रकारात ओळीचे दोन भाग पडतात आणि पहिल्या भागातील व्यंजने दुसऱ्या भागात त्याच क्रमाने यावी लागतात. स्वर मात्र बदलायला हवेत. मराठीत ओढूनताणून करायचे झाले तर ‘काळ मौनात, कळी मनी’ अशी ओळ घेता येईल. पहिल्या भागात क-ळ-म-न, दुसऱ्या भागातही क-ळ-म-न, आणि अखेरचा ‘त’ नियमानेच मोकळा. या ओळीला फारसा अर्थ नाही हे मला कळते. पण ती जुळवायला माझी एक संध्याकाळ गेली, आणि स्पर्धेतला कवी अशा शेकडो ओळी सलग आणि अर्थपूर्ण लिहितो. आपल्याकडे मोरोपंतांच्या यमकांचे कौतुक करताना आपण जी मान डोलावतो, ती इथे ओळी-ओळीला डोलवावी लागेल. ही कला चौदाव्या शतकात, दाविद अप ग्विलिम या वेल्श कवीच्या काळात, पूर्ण बहरात होती आणि ती आजही शिकवली जाते. ती एखाद्या लबाडाने खिशातून काढलेली नाही.

आता बनाव उघड कोणी केला, हेही पाहावे. आपल्या प्रतिक्रियेचा सूर असा आहे, की वेल्श लोक एका थापेवर आजतागायत विश्वास ठेवून आहेत आणि बाहेरच्यांनी ती पकडली आहे. प्रत्यक्षात गोर्सेदच्या प्राचीनतेवर जाहीर हल्ला चढवला तो जॉन मॉरिस-जोन्स या वेल्श प्राध्यापकाने, 1896 मध्ये, वेल्श नियतकालिकात, वेल्श भाषेतून; आणि हाच गृहस्थ आयस्तेदवोदच्या स्पर्धांचा वर्षानुवर्षे परीक्षक होता. त्याहून महत्त्वाचे नाव ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांचे. 1789 मध्ये छापलेल्या दाविद अप ग्विलिमच्या काव्यसंग्रहाला जोडलेल्या पुरवणीतील अनेक कविता योलोने स्वतः लिहून त्या थोर कवीच्या नावावर खपवल्या होत्या. भाषा, शब्दकळा आणि हस्तलिखिते यांचा ताळा घेत विल्यम्स यांनी 1926 मध्ये ते सिद्ध केले. तोवर, म्हणजे जवळपास एकशे सदतीस वर्षे, त्यांतल्या काही कविता दाविदच्या उत्तम कविता म्हणून वाखाणल्या जात होत्या. (याचा दुसरा अर्थ असा, की योलो हा फार चांगला कवी होता आणि आपल्या नावावर लिहिण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते. मला त्याच्याविषयी राग येण्याऐवजी थोडी कीवच येते.)

हे विल्यम्स कोण होते? 1924 च्या जानेवारीत पेनार्थ येथील ज्या छोट्या, गुप्त बैठकीतून पुढे वेल्श राष्ट्रीय पक्षाची स्थापना झाली, त्या बैठकीला सॉन्डर्स लुइस आणि अँब्रोझ बेब यांच्यासह ते आणि त्यांच्या पत्नी उपस्थित होते. म्हणजे खोटे दस्त ज्यांनी जाळ्यात पकडले, ते स्वतः त्या इमारतीचा पाया घालणाऱ्यांपैकी होते, आणि दस्त खोटे ठरल्याने इमारतीला तडा जाईल अशी धास्ती त्यांना वाटल्याचे दिसत नाही.

मग बनाव उघड झाल्यावरही सोहळा चालू का राहिला, हा प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. मी हा सोहळा पडद्यावर अनेकदा पाहिला आहे. निळे, हिरवे, पांढरे झगे घातलेले लोक मंचावर येतात. यात शिक्षक असतात, गायक असतात, खेळाडूही असतात. त्या झग्यांचे आणि राजचिन्हांचे आरेखन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ह्यूबर्ट फॉन हेर्कोमर या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराने केले, हे कोणी लपवत नाही. मैदानावरचे उभे पाषाण गेली कित्येक वर्षे फायबरग्लासचे आहेत आणि ते दरवर्षी नव्या गावी नेले जातात, हेही सगळ्यांना माहीत आहे. विजेत्याचे टोपणनाव पुकारले जाते, कर्णे वाजतात, सभागृहात अंधार असतो, आणि प्रकाशझोत शोधत असताना हजारोंच्या गर्दीतून एक माणूस उठून उभा राहतो. त्याला मंचावर आणल्यावर एक भलीमोठी तलवार अर्धवट म्यानाबाहेर ओढली जाते आणि मुख्य ड्रुइड विचारतो, ‘आ ओइस हेदुख?’, म्हणजे ‘शांतता आहे का?’ सभा उत्तर देते, ‘हेदुख!’ तलवार परत म्यानात जाते. असे तीनदा होते. ती पूर्ण कधीच उपसली जात नाही.

6 सप्टेंबर 1917 रोजी बर्कनहेड येथील आयस्तेदवोदमध्ये असेच टोपणनाव पुकारले गेले. पुन्हा पुकारले गेले. कोणीही उठले नाही. त्राउसव्हनिदचा मेंढपाळ कवी एलिस इव्हान्स, काव्यनाम हेद विन, 31 जुलैलाच पहिल्या महायुद्धात, फ्लँडर्समधील पिल्केम टेकडीच्या लढाईत मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे वस्त्र घालण्यात आले. ती खुर्ची बेल्जियममधून आलेल्या एका निर्वासित कारागिराने कोरली होती, आणि ती त्या कवीच्या घरी, त्याच्या कुटुंबाच्या शेतघरात, जपून ठेवली गेली. त्या दिवशी सभागृहात रडणाऱ्यांपैकी कितीजणांना शांततेचा तो प्रश्न जेमतेम सव्वाशे वर्षांचा असल्याचे ठाऊक होते, मला सांगता येणार नाही. पण ठाऊक असते तरी ते रडले नसते, असे मला वाटत नाही.

‘केल्ट’ या शब्दाविषयी मी आपल्याशी बहुतांशी सहमत आहे. प्राचीन लेखकांनी ब्रिटनच्या रहिवाशांना त्या नावाने ओळखल्याचे दिसत नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख असलेले वेल्श विद्वान एडवर्ड लुइड यांनी 1707 मध्ये वेल्श, कॉर्निश, ब्रेटन आणि आयरिश या भाषांची तुलना प्रसिद्ध केली, आणि पुढे त्या भाषाकुळाला ‘केल्टिक’ हे नाव रूढ झाले. ते भाषाकुळाचे नाव आहे, वंशाचे नाही. (जाता जाता : 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सांगताना ज्यांनी केल्टिकचाही उल्लेख केला, ते सर विल्यम जोन्स हे अँगलसीच्या एका वेल्श गणितज्ञाचे चिरंजीव; ‘पाय’ हे चिन्ह आजच्या अर्थाने प्रथम वापरणारे ते हेच वडील.) मात्र वेल्श माणूस स्वतःला केल्ट म्हणवून जगत नाही. तो स्वतःला ‘कम्री’ म्हणवतो, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘एकाच मुलखातले लोक’ असा आहे. ‘वेल्श’ हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले, आणि त्याचा अर्थ ‘परके’. केल्ट हा शब्द खोडून टाकला तरी कम्री जागेवरच राहतात.

उलट, केल्टांचे गोडवे गाणाऱ्यांपासूनच या भाषेला जास्त धोका होता, असे म्हणावे लागेल. इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी 1860 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये केल्टिक साहित्याची मनापासून स्तुती केली आणि त्याच दमात व्यवहाराची भाषा म्हणून वेल्श जितकी लवकर नाहीशी होईल तितके बरे, असेही मत मांडले. जुनी काव्ये हवीत, ती बोलणारी माणसे नकोत, असा तो मामला होता.

आपल्याला टीकाच करायची होती तर तिच्यासाठी योग्य जागा आहे, आणि ती योलोच्या अफूत नाही. 1846–47 मध्ये तीन सरकारी आयुक्तांनी वेल्समधील शिक्षणाची पाहणी केली. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते. त्यांच्या निळ्या वेष्टनातील अहवालाने शाळांच्या दुरवस्थेबरोबर वेल्श लोकांच्या नीतिमत्तेवरही ठपका ठेवला आणि त्याचा दोष बराचसा भाषेच्या माथी मारला. ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणून तो आजही ओळखला जातो. यावर आयस्तेदवोदच्या धुरीणांनी काय करावे? आपण सुधारलेले आहोत हे इंग्रजांना पटवण्यासाठी त्यांनी महोत्सवातच इंग्रजीला मानाचे पान दिले. 1862 पासून तिथे समाजशास्त्राचा एक विभाग भरू लागला आणि त्याचे कामकाज इंग्रजीतून चाले. झगे घालून प्राचीन ड्रुइडांची भाषणे ऐकायची आणि गंभीर विषय निघाला की इंग्रजीकडे वळायचे, हा दुटप्पीपणा कित्येक दशके चालला. महोत्सव पूर्णपणे वेल्शमधून चालवण्याचा नियम प्रत्यक्षात आला तो 1950 मध्ये, केअरफिली येथे. खड्यांच्या वर्तुळापेक्षा मला ही गोष्ट कितीतरी अधिक लाजिरवाणी वाटते, आणि मूळ लेखात ती यायला हवी होती.

संख्येच्या मुद्द्यावर आपला आकडा बरोबर आहे. 2021 च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांचे प्रमाण 17.8 टक्के, म्हणजे सुमारे 5 लाख 38 हजार होते. 1911 मध्ये ते 43.5 टक्के होते. उरलेले लोकही स्वतःला वेल्श म्हणवतात, आणि भाषेविना वेल्श असणे म्हणजे काय, यावर तिथे घरोघरी वाद आहे. 1997 च्या सार्वमतात स्वतःच्या विधिमंडळाला होकार मिळाला तो अवघ्या 6,721 मतांच्या फरकाने. तेव्हा वेल्श अस्मिता एकसंध आणि निर्विवाद आहे, असे मी म्हणणार नाही. ती खोटी आहे, एवढेच मला मान्य नाही.

मूळ लेखातील ते वाक्य आज बदलले आहे आणि दुरुस्तीची तारीखही खाली दिली आहे. आता ते असे वाचता येईल : ‘बाराव्या शतकापासून नोंद असलेल्या काव्यस्पर्धेला 1819 मध्ये जोडण्यात आलेला हा सोहळा योलो मोर्गानुग या कवीने आपल्या कल्पनेतून रचला होता.’