सवलती राहू द्या, बिलावर सही करा

छोट्या आयटी कंपन्यांना सरकारी कामं कशी मिळतील, हा विषय निघाला की सवलतींची यादी पुढे येते. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असेल तर ईएमडी, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत, माफ. स्टार्टअप असाल तर उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल होऊ शकते. केंद्राच्या खरेदी धोरणात तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदीचं उद्दिष्टच आहे. चांगलंच आहे हे. पण माझ्या ओळखीतल्या ज्या कंपन्यांनी सरकारी काम कायमचं सोडलं, त्यांना टेंडर मिळालेलं होतं. काम पूर्ण झालं, लोक ते वापरू लागले, आणि पैसे आले नाहीत.

आमचंच सांगतो. एका नगरपालिकेसाठी घरपट्टी-पाणीपट्टीची प्रणाली केली. लोकांनी तिच्यावरून कर भरला, वसुली झाली. आमचं बिल मात्र यूएटीच्या, म्हणजे ग्राहकाने घ्यायच्या स्वीकृती चाचणीच्या, सहीसाठी थांबलं. चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "मी न पाहिलेल्या कामावर सही कशी करू?" त्यांचा मला राग नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. तेवढ्यात ३१ मार्च उलटला आणि बजेटमधल्या त्या लेखाशीर्षात रक्कमच उरली नाही.

या काळात छोट्या कंपनीचं काय होतं ते आकड्यांत बघा. १० लाखांचं बिल दिलं की १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. आमचा मुख्य खर्च पगाराचा, त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. ईएमडी माफ असली तरी कामाची सुरक्षा अनामत माफ नसते. बँक गॅरंटीसाठी मुदत ठेव अडकलेली असते. पोरांचे पगार तर एक तारखेला द्यायचेच. मोठी कंपनी असे सहा महिने सहज काढते. आठ-दहा जणांची कंपनी काढू शकत नाही.

म्हणून मग छोटी कंपनी मोठ्या कंपनीची सबकॉन्ट्रॅक्टर होते. काम तीच करते, पण करारात कलम असतं: आम्हाला मिळाले की तुम्हाला देऊ. सरकार जास्त पैसे मोजतं आणि काम करणाऱ्याशी त्याची कधी गाठही पडत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

कायदा नाही असं नाही. २००६ चा एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा) सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या म्हणतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप आला नाही, तर ती स्वीकारली असंच धरलं जातं. म्हणजे सही अडली म्हणून मुदत थांबत नाही. टेंडरमध्ये मात्र लिहिलेलं असतं, "यूएटी प्रमाणपत्र मिळाल्यानंतर देयक अदा केले जाईल", आणि कार्यालयात चालतं ते हेच वाक्य.

पैसे थकले तर केंद्राच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पण ज्या खात्याकडून पुढचं काम मिळायचं, त्याच्याविरुद्ध कोण जाणार? खाजगी कंपन्यांवर आता आयकर कायद्यातल्या तरतुदीचा (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) दबाव आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. सरकारी खात्याला आयकरच भरायचा नसतो, त्यामुळे हा चिमटा तिथे बसत नाही.

आपल्याकडे छोटे कार्यादेश निघत नाहीत असंही नाही. राज्य सरकारच्या महाराष्ट्र स्टार्टअप वीकच्या सुरुवातीच्या वर्षांत दर वेळी निवडलेल्या २४ स्टार्टअपना प्रत्येकी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश दिले गेले. काम एवढं छोटं असलं की तपासणं सोपं, सही करायला भीतीही कमी. वर्षभराचं काम एका प्रमाणपत्राला टांगण्याऐवजी दर महिन्याला जेवढं चालू झालं तेवढं तपासा आणि तेवढ्याचे पैसे द्या.

माझ्या वाचकांच्या यादीत आरएफपीचे (टेंडरसाठी प्रस्ताव मागवणाऱ्या कागदाचे) मसुदे करणारे बरेच जण आहेत. तुमच्या पुढच्या मसुद्यात एवढं कलम घाला: "काम सुपूर्द केल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप न कळवल्यास ते स्वीकृत समजले जाईल व सुपूर्द केल्यापासून ४५ दिवसांत देयक अदा केले जाईल." यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, कायद्यातलंच आहे. कुणी घातलं तर मला जरूर कळवा.